प्रमाण, सरासरी आणि पुरावा : गृहीतक-परीक्षणाचा तीनशे वर्षांचा इतिहास



आजचा विषय सांख्यिकीचा आहे आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा माणूस आहे. तेव्हा सूत्रांची फार भीती बाळगू नका. कॉलेजात सांख्यिकी घेतली की पहिल्या-दुसऱ्या वर्षाला 'हायपोथेसिस टेस्टिंग' नावाचं प्रकरण येतं. मराठीत आपण त्याला गृहीतक-परीक्षण म्हणू. मुलं ते स्वयंपाकाच्या कृतीसारखं पाठ करतात. शून्य गृहीतक लिहा, पर्यायी गृहीतक लिहा, पाच टक्के सार्थकता पातळी घ्या, झेड किंवा टी काढा, कोष्टकातला आकडा बघा, आणि 'गृहीतक नाकारले' किंवा 'नाकारता येत नाही' असं लिहून खाली रेघ मारा. मार्क मिळतात. पण नाकारलं म्हणजे नेमकं काय केलं? आणि पाचच टक्के का, सात का नाहीत? हे प्रश्न पेपरात येत नाहीत, म्हणून वर्गातही फारसे येत नाहीत.

या कृतीमागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे. तो भांडणांनी भरलेला आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं भांडण आपल्या पुण्यात झालेलं आहे. त्या इतिहासातून मला एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. आकडा फार तर 'नाही' म्हणू शकतो. ते 'नाही' कशामुळे, हे तो सांगत नाही. आणि 'नाही' म्हणण्याची रेघ कुठे ओढायची हेही तो सांगत नाही. ही दोन्ही कामं माणसाला करावी लागतात आणि त्यांची जबाबदारीही माणसालाच घ्यावी लागते.

सुरुवातीला एका शब्दाकडे लक्ष द्या. मराठीत 'प्रमाण' शब्दाचे निदान तीन अर्थ होतात. शंभरात किती, ते प्रमाण. प्रमाणभाषा म्हणतो तेव्हा प्रमाण म्हणजे ठरवून दिलेलं माप. आणि न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन, पुरावा. आजच्या विषयात हे तिन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. शंभरातलं प्रमाण मोजायचं, ते ठरवलेल्या मापाशी ताडून बघायचं, आणि त्यातून पुरावा मिळतो का ते पाहायचं.

आता लंडनला जाऊ. साल १७१०. जॉन आर्बथनॉट हा ॲन राणीचा वैद्य. लेखक जोनाथन स्विफ्टचा मित्र. या गृहस्थाने लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी घेतल्या, १६२९ पासून १७१० पर्यंत, एकूण ८२ वर्षांच्या. पहिल्याच वर्षी, १६२९ साली, ५,२१८ मुलगे आणि ४,६८३ मुली. पुढचं वर्ष, मुलगे जास्त. त्याच्या पुढचं, मुलगे जास्त. ८२ च्या ८२ वर्षं मुलगेच जास्त.

आर्बथनॉटने असा विचार केला. समजा मुलगा की मुलगी हे नुसत्या योगायोगावर, नाणेफेकीसारखं ठरत असतं. मग एखाद्या वर्षी मुलगे जास्त असण्याची शक्यता निम्मी. दोन वर्षं लागोपाठ, पाव. असं ८२ वेळा निम्मं करत गेलं तर उरते जवळजवळ शून्य शक्यता: ४८ वर २३ शून्यं लिहा, तेवढ्यांत एक. म्हणजे हा योगायोग नव्हे. आजच्या वर्गातलं शून्य गृहीतक, संभाव्यता आणि नाकारणं हे सगळं इथे आलेलं आहे.

आज आपण हाच हिशोब एका वर्षापुरताही करू शकतो. १६२९ साली एकूण मुलं ९,९०१. त्यांचे निम्मे ४,९५० च्या आसपास. मुलगे त्याहून २६७ जास्त. आता नुसत्या नाणेफेकीत सुद्धा बरोबर निम्मे कधी येत नाहीत, थोडं इकडेतिकडे होतंच. किती इकडेतिकडे? ९,९०१ चं वर्गमूळ काढा आणि निम्मं करा. येतात सुमारे ५०. याला प्रमाण विचलन म्हणतात. २६७ ला ५० ने भागा, पाचपटीहून जास्त. निव्वळ योगायोगात दुपटीच्या पलीकडे जाणं वीसातून एखाद्या वेळी होतं, पाचपटीच्या पलीकडे जाणं लाखांतून एकदाही होत नाही. प्रमाणासाठीची झेड-चाचणी म्हणतात ती एवढीच.

पण खरी गंमत पुढे आहे. आर्बथनॉटने निष्कर्ष काय काढला? योगायोग नाही, म्हणून ईश्वरी योजना. पुरुष बाहेरच्या धोक्यांत जास्त मरतात, म्हणून विधात्याने मुलगे थोडे जास्त पाठवले, म्हणजे लग्नाच्या वयात दोन्ही बाजू सारख्या होतील. तेवढ्यावर तो थांबला नाही. यावरून बहुपत्नीत्व निसर्गनियमाच्या विरुद्ध आहे, असंही त्याने सिद्ध केलं! बाप्तिस्म्याच्या वहीपासून थेट विवाहसंस्थेपर्यंत.

यावर निकोलस बर्नुली नावाच्या स्विस गणितज्ञाने उत्तर दिलं. तो म्हणाला, तुम्ही फक्त निम्मे-निम्मे एवढंच नाकारलं आहे. ३५ बाजूंचा एक फासा घ्या, त्यातल्या १८ बाजूंवर मुलगा आणि १७ बाजूंवर मुलगी. असा फासा टाकत राहिलात तर लंडनची आकडेवारी बरीचशी जुळते. तोही योगायोगच आहे, फक्त फासा थोडा कललेला.

हे नीट लक्षात घ्या, कारण आजही हीच चूक रोज होते. एक गृहीतक पडलं, म्हणजे माझ्या मनातलं दुसरं उभं राहिलं असं होत नाही. कोर्टात आरोपी 'अ'ने चोरी केलेली नाही हे सिद्ध झालं, म्हणून ती 'ब'ने केली असं ठरत नाही. आपल्या नैयायिकांनी अनुमानात हेतू आणि साध्य यांची व्याप्ती दाखवा असा आग्रह धरला, तो याचसाठी. 'योगायोग नाही' आणि 'ईश्वरी योजना आहे' यांच्यातली व्याप्ती आर्बथनॉटने कुठेच दाखवलेली नव्हती.

या प्रश्नाची पुढची पायरी फ्रान्समध्ये आहे. लाप्लास हा फार मोठा गणिती. त्याच्यासमोर पॅरिसच्या १७४५ ते १७७० मधल्या नोंदी होत्या: २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली. मुलगे जास्त आहेत यात त्याला शंका उरली नाही. पण त्याने दोन ठिकाणांची तुलना केली. लंडनमध्ये मुलग्यांचं प्रमाण जास्त, पॅरिसमध्ये त्या मानाने कमी. हा फरकही एवढ्या मोठ्या संख्येत योगायोगाने पडणं कठीण. मग कारण काय? लाप्लासने हवेत उत्तर दिलं नाही. तो नोंदींकडे परत गेला. पॅरिसच्या बाप्तिस्म्यांत अनाथालयात आणून सोडलेली मुलंही धरलेली होती, आणि त्यांत मुली जास्त होत्या. आसपासच्या खेड्यांतले लोक मुलगा झाला तर घरी ठेवत आणि मुलगी झाली तर शहरात आणून सोडून देत. ही सोडलेली मुलं बाजूला काढली, की पॅरिसचं प्रमाण इतर ठिकाणांच्या जवळ येत होतं.

बघा, प्रश्न तोच आणि गणितही जवळपास तेच. आर्बथनॉटला त्यात देव दिसला, लाप्लासला माणसं दिसली. फरक पडला तो आकड्यानंतर काय केलं त्यामुळे.

ही अठराव्या शतकातली पॅरिसची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. निसर्गतः साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ साली हाच आकडा ९१३ होता. बीड जिल्ह्यात ८०७. ही मोजणी लाखो मुलांची आहे. इथे योगायोगाचं गृहीतक क्षणभरही टिकत नाही. पण 'योगायोग नाही' एवढं कळल्यावर कारण शोधायला सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी, दवाखाने, घरांतली बोलणी, हुंड्याचे व्यवहार इथे जावं लागतं. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. या कायद्यांना टेकू आकड्यांचा मिळतो, पण ते उभे राहिले ते कुणीतरी आकड्याच्या पुढे जाऊन चौकशी केली म्हणून.

इथपर्यंत प्रमाणाची गोष्ट झाली. आता सरासरीकडे वळू. इथे नायक कुणी राजवैद्य नाही, तर बिअरच्या कारखान्यातला एक नोकर आहे.

विल्यम सीली गॉसेट. जन्म १८७६, ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकला आणि १८९९ साली डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला लागला. कारखान्यापुढचे प्रश्न व्यावहारिक होते. बार्लीचं हे वाण चांगलं की ते? पण मोठ्या संख्येने प्रयोग करणं परवडत नव्हतं. शेतात चार वाफे, फार तर दहा. आणि त्या काळची सांख्यिकी मोठ्या नमुन्यांची होती, हजार-पाचशे मोजमापं असतील तरच चालणारी.

अडचण कुठे होती ते सांगतो. सरासरीची परीक्षा घ्यायची तर आपली सरासरी अपेक्षेपासून किती दूर आहे ते बघायचं, आणि ते अंतर स्वाभाविक चढउताराच्या किती पट आहे ते काढायचं. पण ती स्वाभाविक चढउतार आपल्याला माहीत कुठे असते? तीही त्याच चार वाफ्यांवरून अंदाजाने काढावी लागते. म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजायचं, तीच रबराची. नमुना मोठा असला तर रबर फारसं ताणत नाही. चारच असले तर फार ताणतं.

गॉसेटने यावर काही गणिताने आणि काही हाताने उत्तर काढलं. त्याच्याजवळ ३,००० गुन्हेगारांच्या उंचीची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची मोजमापं होती, त्या काळी पोलिसांसाठी घेतलेली. त्याने ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारांचे ७५० गट केले. प्रत्येक गटाची सरासरी काढली, चढउतार काढली आणि आपलं सूत्र जमतं का ते पाहिलं. संगणक नव्हता. पिसणं आणि बेरजा. १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्याचा निबंध आला. लेखकाच्या जागी नाव होतं 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने शोध छापू देत नसे, गुपितं बाहेर जातील म्हणून. त्यामुळे आजही जगभर मुलं 'स्टुडंट्स टी-टेस्ट' शिकतात आणि त्यातल्या अनेकांना वाटतं की विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली चाचणी म्हणून हे नाव असावं!

त्याच निबंधातलं एक उदाहरण बघा. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिली. पहिल्याने झोप सरासरी पाऊण तास वाढली, दुसऱ्याने सरासरी २.३३ तास. ऐकायला दोन्ही छान वाटतं. पण पहिल्या औषधात माणसामाणसांत फरक एवढा होता, की आज आपण जो टी काढतो तो येतो १.३३. दहा जणांच्या नमुन्यात पाच टक्क्यांच्या पातळीला २.२६ ओलांडावं लागतं. मोठ्या नमुन्यात १.९६ पुरतं, चारच असतील तर ३.१८ लागतं. नमुना लहान तितका उंबरठा उंच, हा गॉसेटचा शोध. म्हणजे पहिलं औषध उपयोगी आहे असं या दहांवरून म्हणता येत नाही. दोन्ही औषधांमधला फरक मात्र सरासरी १.५८ तास, त्याचा टी ४ च्या वर जातो. तो फरक खरा मानायला जागा आहे.

मग हा पाच टक्क्यांचा नियम आला कुठून? इथे रोनाल्ड फिशर येतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे शेतीचं जुनं संशोधन केंद्र आहे. फिशर १९१९ साली तिथे लागला. १९२५ साली त्याचं संशोधकांसाठीचं पुस्तक निघालं. त्यात त्याने म्हटलं, की प्रमाण विचलनाच्या सुमारे दुपटीपलीकडचा फरक वीसातून एकदा योगायोगाने येतो, आणि हीच मर्यादा धरणं सोयीचं आहे. शब्द लक्षात ठेवा: सोयीचं. त्यात निसर्गाचा नियम कुठलाच नाही. आपल्याकडे शेर-पायली जशी सोयीने ठरली तशीच ही रेघ.

१९३५ च्या पुस्तकात त्याने ती चहाची गोष्ट सांगितली. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मी चवीवरून ओळखते. फिशर म्हणतो, ठीक आहे, आठ कप करू. चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. बाईंनी 'दूध आधी'चे चार कप वेगळे काढायचे. आठांतून चार निवडायचे प्रकार ७०. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. तर चारही बरोबर आले तर मानू. तीन बरोबर आणि एक चूक, असं किंवा याहून चांगलं अंदाजाने येण्याची शक्यता मात्र ७० मध्ये १७, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के. तेवढ्यावर मानता येणार नाही. 'नल हायपोथेसिस', शून्य गृहीतक, हे नाव फिशरने याच पुस्तकात रूढ केलं. आणि त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: शून्य गृहीतक कधी सिद्ध होत नाही, फार तर खोटं ठरतं.

आता एक विचार करा. बाईंचे तीनच कप बरोबर आले, तर त्यांना चव कळत नाही असं ठरलं का? नाही ठरलं. कदाचित त्यांना कळत असेल, पण आठ कपांची परीक्षाच अपुरी असेल. हा प्रश्न नीट मांडला येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन या दोघांनी, १९२८ पासून आणि विशेषतः १९३३ च्या निबंधात. ते म्हणाले, चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली, गृहीतक खरं असताना नाकारणं. दुसरी, ते खोटं असताना न नाकारणं. निर्दोषाला शिक्षा ही पहिली, गुन्हेगार सुटणं ही दुसरी. पहिली चूक कमी करायला उंबरठा वर नेला की दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या तर नमुना वाढवावा लागतो, म्हणजे खर्च करावा लागतो. खोटं गृहीतक पकडण्याची चाचणीची जी क्षमता, तिला त्यांनी 'पॉवर' म्हटलं.

मंडळी, हा विचार आपल्या परंपरेत वेगळ्या भाषेत फार पूर्वी झालेला आहे. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी हे एक प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं मला कळतं. पण ते लगेच अट घालतात: अनुपलब्धी योग्य हवी. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काही ठरत नाही. चाचणीची पॉवर म्हणजे खोलीतला उजेड.

हे नुसतं पांडित्य नाही. एखाद्या आरोग्य केंद्राची वही घ्या. समजा शंभर जन्म नोंदवले आहेत, ६० मुलगे, ४० मुली. निसर्गाच्या हिशोबाने मुलगे ५१ हवेत. विचलन ५. फरक विचलनाच्या पावणेदोन पट. दुपटीच्या आत आहे, म्हणून 'गृहीतक नाकारता येत नाही'. मग कुणी अहवालात लिहितं, या गावात काही गैर नाही. थांबा! समजा त्या गावात प्रमाण खरोखरच बीडइतकं, म्हणजे शंभरात ५५ मुलगे, इतकं बिघडलेलं आहे. तर शंभर जन्मांच्या वहीवरून ते या नियमाने पकडलं जाण्याची शक्यता दहातून जेमतेम एकदा. दहातल्या नऊ वेळा चाचणी गप्प बसणार. पाच हजार जन्म घेतले, तर ते जवळजवळ हमखास पकडलं जाईल. म्हणजे शंभरांच्या वहीवरचं 'नाकारता येत नाही' हे अंधाऱ्या खोलीतलं न दिसणं आहे. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्याबद्दल 'काही गैर नाही' हे वाक्य लिहिण्याआधी खोलीत उजेड किती होता ते विचारलं पाहिजे.

फिशर आणि नेमन यांचं मात्र जमलं नाही. १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इगॉनचे वडील कार्ल पिअर्सन निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन भाग झाले. एक फिशरकडे, दुसरा इगॉनकडे. इमारत एकच. नेमनही लवकरच तिथे आला. फिशरचं म्हणणं, चाचणी ही पुराव्याचं वजन करण्यासाठी असते, शास्त्रज्ञ काही कारखान्यातला माल पास-नापास करत नसतो. नेमनचं म्हणणं, एका गृहीतकाबद्दल खरं-खोटं कळणं शक्यच नाही, पण असा नियम करता येतो की आयुष्यभर तो पाळला तर आपण फार वेळा चुकणार नाही. दोघांचा वाद पुढे फिशरच्या मृत्यूपर्यंत चालला. आणि पाठ्यपुस्तकांनी काय केलं? दोघांची भेळ केली. शून्य गृहीतक फिशरचं, पर्यायी गृहीतक नेमनचं, पी-मूल्य फिशरचं, दोन चुका नेमनच्या, आणि यात दोन वेगळी तत्त्वज्ञानं आहेत हे मुलांना सांगायचंच नाही. त्यातून तो लोकप्रिय गैरसमज आला, की पी ०.०३ आला म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता तीन टक्के. तसा अर्थ मुळीच होत नाही. पी म्हणजे, गृहीतक खरं धरलं तर असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. 'ढग असतील तर पाऊस' आणि 'पाऊस असेल तर ढग' यांत जो फरक, तोच इथे. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला हे जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं, यावरून रोग किती पसरला होता ते समजा.

आता त्या लंडनच्या इमारतीतून पुण्याला येऊ. वाटेवरचा माणूस आपलाच आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. १९३३ ते १९३६ या काळात, हे भांडण ऐन रंगात असताना, ते युनिव्हर्सिटी कॉलेजात होते आणि १९३६ साली त्यांना तिथली डॉक्टरेट मिळाली. पुढे भारतात पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज काढण्याच्या पद्धती त्यांनी बसवल्या आणि १९५१ पासून वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळला.

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज सरासरी २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो, ती रेषा धरली, तर १९६०-६१ साली खेड्यांतले सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतले सुमारे पन्नास टक्के लोक तिच्याखाली येत होते.

सुखात्म्यांचा आक्षेप सांख्यिकीचा होता. ते म्हणाले, २,२५० ही सरासरी गरज आहे. सरासरीचा अर्थच असा, की धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या लोकांतलेही साधारण निम्मे तिच्या खाली असणार. माणसामाणसाची गरज वेगळी, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीच्या खाली तो उपाशी, असं म्हणणं चूक. रेघ ओढायची तर सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून ओढा. नुसतं समजण्यासाठी विचलन पंधरा टक्के धरा, तर रेघ येते १,५७५ कॅलरींवर. अर्थात तिच्याखालच्यांची संख्या खूपच कमी भरते. रोगराई, घाण पाणी यांचा कुपोषणाशी संबंध आहे, तिकडे लक्ष द्या, असंही सुखात्मे आग्रहाने सांगत. त्यांना गरिबांची कणव नव्हती असं कुणी समजू नये.

पण ही 'वजा दोन विचलनं' तुम्हाला ओळखीची वाटली ना? ती शून्य गृहीतकाचीच रेघ आहे. शून्य गृहीतक: 'हा माणूस पोटभर जेवतो.' पोट भरलेल्याला चुकून उपाशी म्हणण्याची चूक शंभरात दोन-तीनवर आणून ठेवली. ही पहिली चूक झाली. आणि दुसरी? ज्या हमालाला, ज्या ऊसतोड बाईला २,८०० कॅलरी लागतात आणि १,८०० मिळतात, ती या रेघेच्या वर आहे. हिशोबात ती पोटभर जेवलेली. दांडेकरांचं उत्तर थोडक्यात हेच होतं, की रेघ इतकी खाली नेलीत, तर खरोखर उपाशी असलेले पुष्कळ लोक भरल्या पोटांत मोजले जातील.

दोघेही उत्तम सांख्यिक. दोघांचं गणित बरोबर. मग भांडण कशावरून? पुराव्याचा भार कुणावर टाकायचा, यावरून. उपाशी माणसाने आपण उपाशी असल्याचं सिद्ध करायचं, की राज्यकर्त्यांनी तो जेवला असल्याचं? शून्य गृहीतकाच्या जागी कोणतं वाक्य लिहायचं, हा निर्णय कोष्टकात सापडत नाही. औषधाच्या बाबतीत आपण म्हणतो, 'निरुपयोगी आहे असं धरा, उपयोग सिद्ध करा', आणि ते योग्य आहे, कारण खोट्या औषधाची किंमत रोगी मोजतो. पण तीच चौकट उचलून भुकेला लावली, की चुकीची किंमत वेगळाच माणूस मोजायला लागतो. माझ्या मते तत्त्व असं हवं, की ज्याला चुकीचा फटका जास्त बसणार आहे, त्याच्या बाजूने उंबरठा ठेवावा. हे तत्त्व गणिताचं नाही, नीतीचं आहे. ते गणिताच्या पोटात लपवू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'संशोधनाने सिद्ध झाले' किंवा 'फरक आढळला नाही' असं वाचाल, तेव्हा चार गोष्टी विचारा. नाकारलं ते नेमकं कोणतं वाक्य? ते पडल्यावर जे कारण पुढे केलंय, त्याचा वेगळा पुरावा आहे का? फरक असता तर दिसला असता एवढा नमुना मोठा होता का? आणि निर्णय चुकला तर भोगणार कोण? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला सांख्यिकी चोख उत्तर देते. दुसऱ्यासाठी लाप्लाससारखं नोंदींकडे परत जावं लागतं. चौथ्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे, आणि ते आकडे हातात यायच्या आधी द्यायचं आहे.